चौकातली मधली जागा

सरांना रिकामी जागा बघवत नसे. गणिताच्या बाईंनी उदाहरण सोडवून फळ्याचा कोपरा मोकळा सोडला, की पुढच्या तासाला तिथे बगळा उभा असायचा. हजेरीपटाच्या समासात ताडाची झाडं, खडूच्या खोक्यांवर बैल, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर सूचना नसली की होडी. मुख्याध्यापक एकदा वैतागून म्हणाले, की शाळा रंगवायचा खर्च वाचला खरा, पण सूचना लावायला जागा उरली नाही. सरांनी ती स्तुती समजून मान झुकवली. "कागद कोरा ठेवला की तो रडतो," असं ते आम्हाला सांगत. सातवीपर्यंत माझा त्यावर विश्वास होता.

ते आमचे ड्रॉइंगचे सर. तलासरीच्या बाजूला आमची निवासी शाळा होती, तिथे ते घाटावरून बदली होऊन आले आणि राहिले. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली आणि एक खोडरबर. हे खोडरबर त्यांनी वापरलेलं मी कधी पाहिलं नाही. सुरुवातीला त्यांची भाषा आम्हाला कळेना आणि आमची त्यांना. मग त्यांनी आमच्याकडून शब्द शिकायला सुरुवात केली आणि ते इतके चुकीचे वापरले, की आम्ही हसून हसून बेजार झालो. ज्या माणसावर हसता येतं त्याची भीती वाटत नाही. आम्हा पाड्यावरच्या मुलींना त्या शाळेत भीती न वाटणारं ते पहिलं मोठं माणूस.

वर्गात फिरता फिरता ते एखाद्या बाकाशेजारी उकिडवे बसत आणि विचारत, "थोडंसं पुरं करू का?" विचारायचे जरूर, पण उत्तराची वाट बघायची त्यांना सवय नव्हती. तोवर पेन्सिल त्यांच्या हातात गेलेली असायची. एकदा मी मोठ्या कागदाच्या मधोमध एकच कोंबडी काढली होती. आमची कोंबडी हरवली होती, म्हणून आजूबाजूला काही काढलं नव्हतं. सरांनी तिला खुराडं दिलं, सात पिल्लं दिली, दाणे टाकणारी बाई दिली. चित्र तालुक्याच्या प्रदर्शनात गेलं, नंबर आला, प्रमाणपत्रावर माझंच नाव होतं. सगळ्यांनी पाठ थोपटली. कोंबडी मात्र आता हरवलेली दिसत नव्हती, आणि हे कुणाला सांगावं ते मला कळलं नाही. प्रमाणपत्र मी पेटीच्या तळाशी ठेवलं.

सर आमच्या पद्धतीची माणसं काढत, दोन त्रिकोणांची, काडीच्या हातापायांची. पण मोठ्या कलाशाळेत शिकलेला हात तो. पाऊल काढताना त्यांना राहवत नसे. काडीच्या टोकाला मागे एक बारीकशी टाच निघायचीच. माझी वही सुट्टीत घरी आली तेव्हा आईने ती चुलीच्या उजेडात धरली आणि कोणती माणसं माझी, कोणती सरांची, ते न चुकता बोटाने दाखवलं. म्हणाली, "सरांच्या माणसांना टाच हाय. आपली माणसं नाचतात, त्यांना टाच कशाला?" मी हे सरांना सांगितलं. ते खूप हसले, स्वतःच्या चपलेकडे बघितलं आणि म्हणाले, "लखमीबाईंचा डोळा म्हणजे डोळा आहे." त्यानंतरही टाच निघतच राहिली.

लखमी माझी आई. आमचा पाडा गंजाडच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. सर दर उन्हाळी सुट्टीत लुना घेऊन यायचे आणि घरोघर उंबऱ्यावर बसायचे. आत या म्हटलं तरी नाही. कोरा चहा प्यायचे, नाचणीची भाकरी नि सुका बोंबील पुढे ठेवला तर तोही संपवायचे, आणि मग विषय काढायचे. पोरीला पुढे शिकू द्या. बाप म्हणायचे, पोरगी लांब राहते, काही झालं तर? तेव्हा सर रंगाचे डाग पडलेला उजवा पंजा वर करत आणि म्हणत, "मी शब्द देतो." एवढंच. पण हा माणूस एकदा म्हणाला की तसंच होतं, हे पाड्याने पाहिलं होतं. ताप आला तर त्यांनी लुनावरून दवाखान्यात नेलं होतं, सुट्टी लागली की पोरी दारापर्यंत आणून सोडल्या होत्या. आमच्या पाड्यावरच्या सहा मुली त्या एका शब्दावर शाळेत राहिल्या. त्यातली एक मी.

नववीत असताना सरांनी आम्हा चौघींना मुंबईचं कलासंग्रहालय दाखवायला नेलं. दारातच त्यांनी दोन नियम सांगितले. हात पाठीमागे बांधायचे. आणि कोणत्याही चित्रात आधी पाय बघायचे. "तोंड सगळेच मन लावून काढतात," ते म्हणाले, "पायाशी येईपर्यंत माणूस थकलेला असतो. खोटेपणा तिथे सापडतो."

आम्ही हात मागे बांधून पाय बघत निघालो. एक भिंतभर मोठं चित्र होतं राजाच्या मिरवणुकीचं. हत्ती, घोडे, छत्र्या, आणि पंधरा-वीस माणसं अनवाणी. राजाचे जोडे तेवढे मोत्यांचे. माझी मैत्रीण जानकी म्हणाली, एवढे घोडे चाललेत आणि शेण कुठेच नाही. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे आरशासमोर वेणी घालणारी एक गोरी बाई होती, खरीच बसल्यासारखी. तिच्या साडीचे जरीकाठ आम्ही डोळे फाडून बघितले. पण पाय साडीखाली झाकलेले. "जमले नसणार," सर हळूच म्हणाले, आणि ती बाई मला एकदम आमच्यातली वाटायला लागली. मग काचेखाली वहीच्या पानाएवढी जुनी चित्रं. त्यात एका झाडाखाली एक राजकन्या हरणाला पाला देत होती, आणि तिच्या तळपायाला अळत्याची रेघ होती, केसाहूनही बारीक. ज्याने ती ओढली त्याने श्वास किती वेळ रोखला असेल, याचा विचार करत मी तिथेच थांबले. अजूनही सुंदर म्हटलं की मला ती रेघ आठवते.

शेवटी दगडाची एक देवी होती. हात तुटलेले, पण पावलं गुळगुळीत, तेल लावल्यासारखी. सर म्हणाले, ही देवळातून आणली. शेकडो वर्षं लोकांनी पायांवर डोकं ठेवलं म्हणून ती तशी झाली. आता कुणी हात लावत नाही, फक्त बघतात. मी विचारलं, मग हिच्यावर पांघरूण कोण घालतं? सर हसले आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. बाहेर पडताना एका दालनात एक भिंत मोकळी होती. सर तिच्यासमोर इतका वेळ उभे राहिले, की रखवालदार बघायला आला. "इथे तुमचं लागलं पाहिजे," ते म्हणाले. मला वाटलं तसंच आहे, सरांना रिकामी जागा बघवत नाही. त्यांनी ती मनात भरायलाही घेतली होती, हे मला कळलं नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत ते आईकडे आले. जाड कागदाचा मोठा ताव गुंडाळून आणला होता.

इथे आमच्या चौकाविषयी सांगायला हवं. घरात लग्न निघालं की भिंत गेरूने सारवतात आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक लिहितात. कडेने नक्षी, चंद्र-सूर्य, झाडं, घोड्यावरचे नवरा-नवरी, आणि मधल्या चौकोनात पालघट देवी. लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी धवलेरी गाण्यातून देवीला बोलावते, तेव्हाच ती मधे काढायची. काढली की वर कापड टाकायचं. वेळ झाली की भगत ते कापड बाजूला करतो. आज डहाणूच्या बाजारात देवी कागदावर मिळते, पिशवीवर मिळते, कपावरही मिळते. हे सांगितलं तर आमची तरुण पोरं हसतात. पण आमच्या पाड्यावर लग्नाशिवाय देवी कुणी काढली नव्हती. आणि चौक काढावा तर माझ्या आईनेच. आठ मैलांवरून तिला बोलावणं यायचं. तिची कडेची नक्षी दुरून ओळखू यायची.

सरांना चौक कागदावर हवा होता. आईने दोन दिवस तो ताव उलगडलाच नाही. मग म्हणाली, त्यानं पोर शिकवली, नाय कसं म्हणू. तिने कागद गेरूने सारवला आणि बांबूची काडी चावून तिचा कुंचला केला. चार दिवस ती पडवीत बसून होती. सर उंबऱ्यावर. असा चौक तिने भिंतीवरही कधी काढला नव्हता. झाडांची पानं हलताहेत असं वाटायचं. मधला चौकोन मात्र तिने कोराच ठेवला, वीतभर, लाल.

सरांची तगमग मला दिसत होती. "मधलं राहिलं," ते पहिल्यांदा म्हणाले. दुसऱ्या वेळी म्हणाले, निदान रेघांनी तरी सुचवा. तिसऱ्या वेळी आईने काडी खाली ठेवली.

"सर, ती बोलावली का येते. आली का तिला लग्न लागतं. इठं लग्न कुठं हाय? ती येऊन बसेल कुठं?"

सरांनी त्या लाल चौकोनाकडे बघत पंजा वर केला. "लखमीबाई, शब्द देतो. ही जागा अशीच राहील."

आईने कागद गुंडाळून स्वतःच्या हाताने त्यांच्याकडे दिला.

मी दहावी झाले त्या वर्षी सर निवृत्त होऊन गावी गेले. निरोपाच्या दिवसापर्यंत त्यांनी शाळेच्या उरलेल्या सगळ्या भिंती रंगवल्या होत्या. आम्ही रडलो. मी डहाणूला वसतिगृहात राहून पुढे शिकायला लागले, बाकीच्या पाचजणी तलासरीलाच होत्या.

वर्षभराने आशागडच्या एका दुकानातून माझी काकी कॅलेंडर घेऊन आली. वरच्या अर्ध्या पानावर चौक छापला होता. आईची नक्षी, आईची झाडं, आणि मधे देवी. हात पसरून बसलेली, पांढरीशुभ्र. खाली कुणाचंच नाव नव्हतं, पण पाड्याला नावाची गरज नव्हती. काकीने ते आईपुढे उलगडलं. आईने दारातल्या उजेडात नेऊन खूप वेळ पाहिलं, असं काकी पुढे सगळ्यांना सांगत असे. मग ते परत दिलं आणि म्हणाली, "मधली माझ्या हातची नाय."

कुणाचा विश्वास बसला नाही. नक्षी तुझी आणि मधली दुसऱ्याची, असं कुठे असतं का? लखमीने लग्नाशिवाय देवी बोलावली आणि कागदावर बसवून पाठवून दिली, असं ठरलं. कुणी भांडलं नाही. आमच्याकडे भांडून काही काढून घेत नाहीत, बोलवायचं थांबवतात. पुढच्या लग्नाला धवलेरीने दुसऱ्या सवाशिणीला निरोप धाडला. त्याच्या पुढच्यालाही. आईची काडी पडवीच्या कुडात खोचलेली होती, ती तिथेच वाळून गेली.

मी सुट्टीत आले की भांडत असे. घरोघर जाऊन सांगत असे, सरांनी शब्द दिला होता, कुणीतरी बघून नक्कल केली असणार. सर असं करणारच नाहीत. काकीला तर मी नको नको ते बोलले. आई काहीच म्हणायची नाही. फार झालं की एवढंच, "सरांनी शब्द दिला होता." मला वाटायचं, ती माझी बाजू घेते आहे.

माझ्या लग्नातही तिला कुणी काडी दिली नाही. माझ्या घरात, माझ्या चौकाला. दुसऱ्या बायका भिंतीपुढे बसल्या होत्या आणि आई पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती. हळद लावलेल्या अंगाने मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होते. बोटं जागच्या जागी हलत होती. पाड्यावरच्या एकेका माणसाचा मला राग आला. आणि सर? सरांना मी पहिली पत्रिका पाठवली होती. ते दोन बस बदलून आले, पंगतीला बसले, चौक बघायला आत गेले. "या वेळी तुम्ही नाही काढला?" त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "हात दुखतो." सर म्हणाले, जपा, असा हात परत होणार नाही. ते खोटं नव्हतं, हे मला आजही सांगावं लागेल.

मी शिक्षिका झाले. सरावलीजवळच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला मुंबईला गेले आणि एक दुपार मोकळी मिळाली. पाय आपोआप त्या संग्रहालयाकडे वळले. दारातच हात पाठीमागे गेले. राजाची मिरवणूक होती तिथेच होती. घोड्यांमागे अजून शेण नव्हतं आणि मी एकटीच हसले. वेणी घालणारी बाई जरा काळवंडली होती. अळत्याची रेघ तशीच होती. आता चष्मा लावून पाहिली आणि तेव्हासारखाच श्वास अडकला. दगडाच्या देवीभोवती काच आली होती. मी मनात म्हटलं, सरांना फोन करायला हवा, सगळं आहे तसं आहे म्हणून सांगायला हवं.

आणि मग त्या शेवटच्या दालनात मी गेले. मोकळी भिंत मोकळी नव्हती.

दुरूनच नक्षी ओळखली. आनंदच झाला. आईचा चौक! लाकडी चौकटीत, वर दिवा सोडलेला. मी जवळ गेले. मधे देवी होती. कॅलेंडर मी कधी हातात धरलं नव्हतं. रागाने नजरही टाकली नव्हती. आता समोर उभी राहिले आणि सवयीने आधी पाय बघितले. दोन काड्यांच्या टोकाला, मागच्या बाजूला, बारीकशा दोन टाचा.

शेजारी पाटी होती. त्यावर आईचं पूर्ण नाव, पाड्याचं नाव, तांदळाचं पीठ, गेरू. मध्यभागी देवीचं पारंपरिक चित्रण, असंही लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात, एका कलाशिक्षकाकडून भेट. एक जोडपं येऊन उभं राहिलं. बाई नवऱ्याला म्हणाली, मधली किती जिवंत वाटते ना. मी तिथून निघाले आणि बाहेर पायऱ्यांवर बसले. माझं प्रमाणपत्र आठवलं, सात पिल्लांचं. सरांनी आईचं काही चोरलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. चोराला शिव्या घालता येतात. यांनी तिने न केलेलं तिच्या नावावर लिहून ठेवलं होतं, आणि वर दिवा लावला होता. आणि मी? त्यांच्यासाठी मी अख्ख्या पाड्याशी भांडले होते.

घरी आले तेव्हा आई पडवीत तांदूळ निवडत होती. मुंबईची चित्रं बघितली, त्यात तुझा चौकही होता, एवढंच मी म्हटलं. पुढे काय नि कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत होते. तिने सुपातून डोकं वर केलं नाही.

"टाच हाय ना?" तिने विचारलं.

कॅलेंडर आणलं त्या दिवशीच तिने ओळखलं होतं. दारातल्या उजेडात ती एवढा वेळ पायच बघत होती. मग बोलली का नाहीस, मी ओरडलेच. एवढी वर्षं! माझ्या लग्नात कळशी घेऊन उभी राहिलीस!

तिने सूप बाजूला ठेवलं. "सहा पोरी त्याच्या शब्दावर शाळेत होत्या. त्याचा शब्द खोटा हाय, आसं मी बोलले आसते तं दुसऱ्या दिशी बापांनी पेट्या उचलून आणल्या आसत्या. तुझीपण." मग म्हणाली, "चौक काय, दुसऱ्या बाया काढतात."

म्हणजे मी पाड्यावर त्यांची वकिली करत फिरत होते, तेव्हा ती माझ्या शिक्षणाची किंमत गप्प बसून देत होती, आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी फसवलं हे समजत होतं. आईनेही मला अंधारात ठेवलं, याचा राग कुणावर काढायचा ते समजेना. मी म्हटलं, उद्याच पत्र लिहिते, चित्र काढून टाकायला लावते. ती नको म्हणाली. बाकीचं चांगलं काढलंय, राहू दे.

"मधलीवर तेवढं कापड टाकायला सांग. लग्न नाय, गाणं नाय, आणि ती रोज उघडी बसलीय सगळ्यांपुढं."

भेट देणाऱ्याने सांगितलं तर ऐकतील, म्हणून मी सरांनाच फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर ठेवला, आई शेजारी. सरांचा आवाज खोल गेला होता, पण मी संग्रहालय म्हटल्याबरोबर तो उजळला. "पाहिलंस? दिवा कसा सोडलाय बघितलंस? सांगितलं होतं ना, इथे तुमचं लागलं पाहिजे!"

"सर, मधली जागा तुम्ही भरलीत."

"अगं, अपुरं चित्र कोण घेतं? पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यांनी परत पाठवलं होतं. थोडंसं पुरं केलं, मग घेतलं त्यांनी, कॅलेंडरही छापलं. आणि नाव बघितलंस का? तुझ्या आईचंच लावलंय. माझं कुठेही नाही."

"म्हणूनच तर, सर," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. कॅलेंडर पाड्यावर आलं तो दिवस, धवलेरीचा निरोप, माझ्या लग्नातली कळशी. हात दुखत नव्हता, हेही. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, मला कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. आयुष्यात मी सरांशी त्या आवाजात बोलले नव्हते. मग कापडाचं सांगितलं.

"झाकलेलं चित्र कोण बघणार गं," ते पुटपुटले.

आई फोनकडे वाकली. "बाकीचं बघतील, सर. मधलीवर तेवढंच."

मग सरांचा आवाज आला, थरथरत, पण जुना. पंजा वर केला असणार, मला इथून दिसला. "लखमीबाई, शब्द देतो. मी पत्र लिहितो त्यांना."

आईने बरं म्हटलं, तब्येतीची चौकशी केली, भाकरी खायला या म्हणाली. फोन बंद झाल्यावर तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"शब्द दिला ना त्यानं?"

"दिला."

"मग परत बघायला जाऊ नको."

तीन महिन्यांनी सर गेले. त्यांच्या मुलाने कळवलं, की शेवटच्या दिवसांत औषधांच्या पुड्यांवरही चित्रं काढायचे, एकही कागद सोडला नाही. मी रडले, आणि रडताना मनातून संतापले होते. दोन्ही एकदम होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी अजूनही आधी पाय बघायला सांगते. कुणाच्या वहीत कोरी जागा दिसली की हात शिवशिवतात, मग मी ते पाठीमागे बांधते.

त्यांनी पत्र लिहिलं की नाही, हे मला ठाऊक नाही. त्यानंतर मुंबईला जायचं दोनदा काम निघालं. एकदा तर संग्रहालयाच्या समोरच्या फुटपाथवरून गेले. काम आटोपलं आणि सरळ स्टेशन गाठलं.